संपातल्या चुलीचा फोटो

फोटो मागायला आलेल्या माणसाचा लोकांना एवढा राग येऊ शकतो, हे मला त्या वर्षी कळलं. मी नुकतीच म्युनिसिपल शाळेत शिकवायला लागले होते. लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहायचो. आई मिलमध्ये वाइंडिंग खात्यात, दादा दुसऱ्या मिलमध्ये कापड विणायच्या साच्यावर, आणि मी. वडील जाऊन बराच काळ झाला होता.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मुंबई महाराष्ट्राला देणार नाही, असं दिल्लीनं ठरवल्याची बातमी आली आणि आमच्या भागात आगडोंब उसळला. दगड, लाठ्या, अश्रुधूर, मग गोळीबार. शेजारच्या गल्लीतला एक मुलगा त्यात गेला. दादाच्या उजव्या हातावर लाठी बसली आणि कोपराच्या खाली हाड मोडलं. प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून तो घरात येरझाऱ्या घालायचा आणि कुणावरही खेकसायचा.

पुस्तकाची कल्पना मास्तरांची. ते मूळचे ठाकूरद्वारचे, पण आयुष्यभर आमच्याकडच्या शाळेत शिकवलेले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलेले. कुणीतरी सभेत म्हणालं होतं की मुंबई पैसेवाल्यांनी उभारली, मराठी माणसाचं तिच्यात काय आहे. मास्तरांना ते फार लागलं. त्यांनी आमच्या गल्लीचा इतिहास लिहायला घेतला. कोकणातून पहिली माणसं कधी आली, कुठल्या खोलीत किती जण राहायचे, संप कसे झाले, गणपती कधी सुरू झाला.

"लिहिलेलं कोण मानतो?" ते मला म्हणाले. "चेहरे पाहिजेत. जुने फोटो गोळा कर. तू चाळीतली मुलगी आहेस, बायका तुला दाराच्या आत तरी घेतील."

बायकांनी मला दाराच्या आत घेतलं नाही.

तळमजल्यावरच्या भजनी बुवांनी माझं बोलणं पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. "फोटो? आणि मग पहाटे व्हॅन आली की त्यात बघून उचलायची का पोरं?" तेव्हा आमच्या भागातली पोरं खरंच उचलली जात होती आणि भोईवाड्याच्या कोर्टात उभी केली जात होती. पोलिसांकडे फोटो आहेत, अशी आवई उठली होती. बुवांच्या मागून त्यांची सून म्हणाली, "मास्तरीण झालीस म्हणून सीआयडीचं काम पण घेतलंस काय गं?" हे तिनं एवढ्या मोठ्यानं विचारलं, की गॅलरीतून माणसं वाकून बघू लागली.

एका बाईनं सासूचा फोटो खिळ्यावरून काढला, पदरानं पुसला आणि परत लावला. "जित्यापणी तिनं मला एक दिवस सुखाचा घास खाऊ दिला नाही. आता मेल्यावर पुस्तकात बसवू तिला?" तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांचा कोट-टोपीतला झकास फोटो होता. मागे रंगवलेली बाग, हातात काठी. मी तो नुसता वर बघून "छान आहे हो" म्हणाले, तर ते तुटून पडले. "कोट स्टुडिओवाल्याचा होता! पुस्तकात छापून गावी गेला, तर भाऊ म्हणतील मुंबईत साहेब झालाय हा. तुझा मास्तर येणार काय त्यांची तोंडं बंद करायला?"

असं करत माझ्याकडे जमले ते थोडेच फोटो. त्यांतले कामाचे त्याहूनही थोडे. आणि प्रत्येक दारात, नको म्हणून झाल्यावर, माणसं एकच सांगायची. खरा फोटो तो संपातल्या चुलीचा. तो मिळव.

तो फोटो मी कधी पाहिला नव्हता, पण त्याच्याबद्दल लहानपणापासून ऐकत आले होते. माझ्या जन्माच्या आधी गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. घराघरातलं धान्य संपलं, तेव्हा चाळीनं मधल्या चौकात एकच चूल मांडली आणि सगळ्यांसाठी खिचडी शिजवायला सुरुवात केली. शिजवणारी एक म्हातारी होती, मालवणकडची. एक दिवस कॅमेरेवाला माणूस आला आणि त्यानं चुलीभोवती बसलेल्या बायका-पुरुषांचा फोटो घेतला. नंतर त्याची एकच प्रत आली, ती म्हातारीला दिली. म्हातारी वारली आणि फोटो तिच्या मुलाकडे राहिला.

आणि तिचा मुलगा पोलिसात होता. संपानंतर त्याला मिलमध्ये कुणी घेईना, म्हणून तो भरती झाला. होता साधा शिपाई, पण चाळीत सगळे त्याला हवालदारच म्हणायचे आणि त्याच्या बायकोला हवालदारीण. पोलीस लाइनीत खोली मिळाली नव्हती, म्हणून आईच्याच खोलीत राहायचा. निळी अर्धी चड्डी, पिवळी टोपी घालून तो कामावर निघाला की लहान पोरं त्याच्या मागून कवायत करत जायची, तोही हसायचा. गोळीबारानंतर ते सगळं संपलं. त्या दिवशी तो कुठे होता, त्याच्या हातात काय होतं, कुणाला माहीत नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही. चाळीनं त्या घराशी बोलणं टाकलं. नळावर हवालदारिणीचा हंडा रांगेत पुढे आला की कुणीतरी पायानं मागे सारायचं. त्यांच्या दारावर कोळशानं "खुनी" असं लिहिलं होतं. तिनं ते पुसलं नव्हतं.

मी त्याच दारावर थाप मारली.

तिनं दार अर्धंच उघडलं. "काय व्हया?"

"काकी, तो फोटो..."

"इतके दिवस खंय होतंस? तुका आता वाट गावली?" ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "नळार माझो हंडो मागे ढकलतास, आणि फोटो मागूक येतास? दारार काय लिवलेला आसा ता वाच. शाळेत शिकवतंस मगे, मोठ्यान वाच."

खरं सांगायचं तर मलाही तिचा राग येत होता. घरी दादा डाव्या हातानं भात चिवडत बसायचा, आणि ही माझ्यावर आवाज चढवत होती.

"पुस्तक चाळीचं आहे काकी," मी म्हटलं. "तुमच्या सासूबाईंनी सगळ्यांना जेवू घातलं, ते त्यात यायला नको?"

ती आत गेली. मला वाटलं दार आपटणार. पण तिनं काचेची चौकट आणली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून, मला न देता, दाखवली. एका बाजूला मोठं भांडं, त्यामागे नऊवारीतली म्हातारी, कपाळावर हात धरलेली, बहुधा उन्हामुळे. आजूबाजूला बायका उकिडव्या बसलेल्या. त्यातली एक माझी आई, कोवळी, हसरी, आणि तिच्या मांडीवर उघडं बाळ. ते बाळ म्हणजे दादा. म्हातारीच्या शेजारी, फोटोच्या अगदी कडेला, खांद्यावर गोणी घेऊन उभा असलेला उघडाबंब पोरगा म्हणजे हवालदार.

"फोटो देतंय," ती म्हणाली. "पण कापूक देवचंय नाय. आणि सगळ्यांची नावा घालतास, तसा खाली तेंचाय नाव घालूक व्हया. आईचा आणि तेंचा. कबूल आसा तर सांग."

पुस्तकासाठी मास्तरांनी जमवलेल्या कमिटीची बैठक व्यायामशाळेत व्हायची. मी फोटोत कोण कुठे आहे ते आणि तिची अट सांगितली आणि जो गोंधळ झाला, तो अजून माझ्या कानात आहे. कमिटीतली बहुतेक मुलं दादाच्या वयाची. एक जण उठून म्हणाला, "पोलिसाचं तोंड पुस्तकात आलं तर पुस्तक मीच जाळीन." दुसरा म्हणाला, "गोळ्या झाडणाऱ्याचं नाव छापायचं, मग मेलेल्याचं कुठे छापायचं?" सगळ्यांत मोठा आवाज दादाचा. "त्या फोटोत मी पण आहे ना? मला पण नको त्यात. माझ्या हाताकडे बघा आणि मग बोला."

मग एकानं तोडगा काढला. तो छपाईसाठी फोटोंचे ब्लॉक बनवणाऱ्याकडे उमेदवारी करायचा. "तो कडेला उभा आहे ना? ब्लॉक करताना कडा छाटू. म्हातारी राहील, हा जाईल. तिला आधी कशाला सांगायचं? अट कबूल म्हणा आणि फोटो आणा."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर बराच वेळ टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. "पुस्तक बाहेर पडणं महत्त्वाचं," ते शेवटी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू सांग तिला. कबूल म्हणून सांग."

"खोटं मी नाही सांगणार," मी म्हटलं.

"मग दुसरी कुणी जाईल," दादा म्हणाला. माझ्याकडे न बघता.

दुसरी कुणी जाण्याआधी मी गेले. हवालदारिणीला स्पष्ट सांगितलं की फोटो देऊ नका, ते छाटणार आहेत. मला वाटलं होतं, ती निदान एकदा बरं बोलेल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच हातात कात्री घेऊन आले होते.

"तू खंय बसलेलंस तेव्हा? तेंच्याच मांडीक मांडी लावून मगे?" आणि या वेळी दार खरोखर आपटलं.

दोन-चार दिवसांनी, दुपारची वेळ, आई पहिल्या पाळीवरून येऊन भाकऱ्या भाजत होती. दादा खाटेवर पडला होता. दारात हवालदार उभा राहिला. साध्या कपड्यांत, लेंगा आणि सदरा. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट.

दादा ताडकन उठला. "कोणी बोलावलं तुला इथे?"

"कुणी नाही." तो आईकडे बघत होता. "वैनी, फोटो आणलाय. माझं तोंड नको असेल तर कापा. आईचं नाव तेवढं खाली घाला. बायको देत नव्हती, मी तिला न विचारता आणलाय."

"हा हात कुणी मोडला?" दादानं प्लास्टर पुढे केलं. "बोल ना. कुणी मोडला?"

"मी नाही. मी लालबागला नव्हतो. आम्हाला फोर्टात उभं केलं होतं."

"आणि तिथे काय केलंस? फुलं वाहिलीस?"

"लाठी चालवली," हवालदार म्हणाला. "हुकूम झाला, चालवली. गोळी नाही. माझ्याकडे बंदूक नव्हती. पण लाठी चालवली. तुझ्यासारख्याच कुणाचा तरी हात मोडला असेल माझ्याकडून. बघायला थांबलो नाही."

दादा त्याच्या अंगावर धावला. मी मधे गेले. एका हातानंसुद्धा त्यानं मला बाजूला ढकललं आणि मी मांडणीवर आपटले. दोन पितळ्या खणखणत खाली आल्या. हवालदार जागचा हलला नाही. हातही वर केला नाही. आई चुलीपुढून उठली. पिठाच्या हातांनीच तिनं दादाला छातीवर दाबून मागे सारलं आणि हवालदाराकडे वळली.

"तुझ्या आवशीच्या हातचा खाल्लंय मी," ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात वर गेला नव्हता. "म्हणान तुका उंबऱ्याच्या आत उभो केलंय. आता फोटो ठेव आणि जा. परत येव नको."

तो चौकट खाटेवर ठेवून गेला. दादा तिच्याकडे पाठ करून गॅलरीत जाऊन उभा राहिला. आईनं फोटो उघडून पाहिलासुद्धा नाही. वर्तमानपत्रासकट ट्रंकेवर ठेवला आणि भाकरी उलटायला बसली. ती करपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर हवालदारिणीनं मला गाठलं. सगळी चाळ पाण्याच्या रांगेत. तिनं रिकामा हंडा दाणकन खाली ठेवला.

"नेलास मगे? माझ्या घोवाक येडो करून नेलास! आता कापा तेका! मेलेल्या आईच्या बाजूसून जितो पोरगो कापा!"

मी काहीतरी सांगायला गेले, पण ती कुणालाच बोलू देत नव्हती. मला, आईला, मास्तरांना, सगळ्या चाळीला तिनं शिव्या घातल्या. कुणी म्हणालं, "गप बस पोलिशिणी," तर तिनं त्या बाईच्या सात पिढ्या उद्धरल्या. शेवटी पाणी न भरताच हंडा उचलून निघून गेली.

मग कोपऱ्यातल्या खोलीतली, आईबरोबर वाइंडिंगला जाणारी एक जाडजूड बाई माझ्याकडे वळली. "कापणार म्हंजे? काय कापणार?"

मी सांगितलं. त्या बाईचं तोंड बदललं. तीही त्या फोटोत होती. "जिवंत माणसाला कापायचं? आईच्या शेजारून? हे कुणी ठरवलं?"

"कमिटीनं."

"कमिटीनं आम्हाला विचारलं काय? तोंडं आमची आहेत ना त्यात?"

मला वाटलं, आता तरी बायका हवालदारिणीशी बोलतील. तसं काही झालं नाही. संध्याकाळी तिचा हंडा रांगेत आला आणि त्याच जाड्या बाईनं तो पायानं मागे सारला. मी तिला विचारलं, "काकी, आता का?" ती म्हणाली, "हंड्याचं वेगळं. फोटोचं वेगळं." आणि आपली घागर नळाखाली लावली.

पुढच्या बैठकीला व्यायामशाळेच्या दारात बायका येऊन उभ्या राहिल्या. फोटोतल्या ज्या अजून चाळीत होत्या, त्या सगळ्या. आईही. तिथे बायका कधी जात नसत. मास्तर उठून उभे राहिले.

जाडी बाई म्हणाली, "त्या पोराला कापणार असाल, तर आम्हाला पण कापा. भांडं छापा नुसतं."

ब्लॉकवाला मुलगा हसला. "म्हणजे काकी, तुम्ही पोलिसाच्या बाजूनं?"

"तुझ्या आयशीला विचार मी कोणाच्या बाजूनं!" ती एवढी कडाडली की पोरगं मागच्या बाकावर जाऊन बसलं. "मोर्च्यात आम्ही नव्हतो? अश्रुधुरानं माझे डोळे अजून चुरचुरतात. तो मेला तर मी त्याच्या मयताला जाणार नाही. पण म्हातारीच्या फोटोला कात्री लावायची नाही."

दादा उभा राहिला. "आई, तू पण? माझा हात विसरलीस?"

"तुझो हात मीच रोज गळ्यात बांधतंय," आई म्हणाली. "माका शिकव नको."

सगळ्यांसमोर ती त्याला असं बोलली, ते दादाला सहन झालं नाही. तो बैठकीतून निघून गेला. पुढे बरेच दिवस घरात ते दोघं माझ्यामार्फत बोलायचे. "तिला सांग, मी जेवून आलोय." "त्याला सांग, मग उद्याही बाहेरच जेव." मी एकीकडून दुसरीकडे निरोप पोचवत मधे बसलेली.

कमिटीनं फोटो छापणं रद्द केलं. छाटून नाही, नावासकट नाही, म्हातारीपुरताही नाही. "वाद नको," मास्तर म्हणाले. पुस्तक ठाकूरद्वारला त्यांच्या एका स्नेह्याच्या छापखान्यात छापलं गेलं. संपाचं प्रकरण आलं, चुलीबद्दल अर्धं पान आलं, त्यात "एका वृद्धेने" असा उल्लेख आला. त्या पानासमोर फोटोसाठी जागा सोडली होती. छपाईला उशीर नको, म्हणून तिथे कमिटीचा फोटो घातला. लाकडी खुर्च्यांवर बसलेले सगळे, मधे मास्तर, गळ्यात हार, खाली प्रत्येकाचं संपूर्ण नाव. दादा त्या फोटोत बसला नाही. मला बसायला कुणी सांगितलं नाही.

चौकट परत द्यायला मी एकटी गेले. हवालदारिणीनं ती हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. उजेडात नेऊन काच बघितली, मागची पट्टी उचकटली आहे का बघितली, मग आपल्या नवऱ्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"छापला नाही काकी," मी म्हटलं. "कापलापण नाही."

"माका म्हायती आसा," ती म्हणाली. "जा आता."

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी त्यांना नायगावच्या पोलीस लाइनीत खोली मिळाली. हातगाडीवर सामान चढलं तेव्हा गॅलऱ्या भरल्या होत्या, पण खाली कुणी उतरलं नाही. हवालदारानं पलंगाची एक बाजू धरली, दुसरी हातगाडीवाल्यानं. जिन्यात पलंग अडकला, तरी कुणी हात लावला नाही. दादाचं प्लास्टर तोपर्यंत निघालं होतं. तोही कठड्याला टेकून बघत उभा होता. हवालदारीण सगळ्यांत शेवटी निघाली. कुलूप लावायचं नव्हतं, तरी तिनं दार ओढून घेतलं. कोळशाची अक्षरं पावसानं फिकट झाली होती, पण वाचता येत होती.

मग काही वर्षांनी महाराष्ट्र झाला. मुंबई त्यात आली. लालबागला गुलाल उधळला, पेढे वाटले, रात्रभर लेझीम चाललं. त्या आनंदात मास्तरांना पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढावीशी वाटली. या वेळी त्यांचं मन बदललं होतं, किंवा वातावरण बदललं होतं. "आता तो फोटो घालू," ते म्हणाले. "अख्खा. सगळ्या नावांसकट. त्याच्याही. तू जाऊन ये."

मी नायगावला गेले. खोली शोधली. हवालदारीण दारात आली नाही, खिडकीच्या गजांआडून बोलली. केस पांढरे झाले होते. मी मास्तरांचा निरोप सांगितला, हवालदार काकांचं नाव नक्की घालणार, हेही सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तेंका सांग, फोटो पाण्यात गेलो. पावसात भिंत गळली, फोटो कुसलो."

तिच्या डोक्यामागे, समोरच्या भिंतीवर, फोटो होता. नवी चौकट, वर ताज्या शेवंतीचा हार. भांडं दिसत होतं, म्हातारीचा कपाळावरचा हात दिसत होता. मी तिकडे बघितलं, हे तिनं पाहिलं. ती बाजूला झाली नाही की पडदाही ओढला नाही.

"सांगशीत मगे?" तिनं विचारलं.

"सांगते," मी म्हटलं.

तिनं मला आत बोलावलं नाही. मी परत लालबागला आले आणि मास्तरांना सांगितलं की फोटो पावसात खराब झाला. ते हळहळले. मग म्हणाले, ठीक आहे, पहिल्या आवृत्तीतला कमिटीचाच फोटो परत वापरू.